कारभाऱ्याचा खेळकरपणा

काम तें काम आणि खेळ तो खेळ, या दोहोंची गल्लत होतां कामा नये, असें लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आलेलें आहे. शाळेंत अभ्यासाची घंटा निराळी आणि खेळाची निराळी असते. पुढें नोकरींत शिरल्यावर खेळाची घंटा अजिबात बंद होते, आणि मनुष्य जसजसा वरच्या जागेवर चढत जातो तसतसें त्याच्या मुद्रेवरील हास्य मावळत जातें. कचेरीचा मुख्य, कारखान्याचा व्यवस्थापक, शाळेचे हेडमास्तर किंवा घरांतील कर्तें माणूस यांनीं गंभीर असावें, निदान तसें दिसावें, अशी आपली सर्वांचीच अपेक्षा असते. हाताखालच्या माणसांत मिसळून जो हंसतो-खेळतो त्याचा वचक राहत नाहीं, हें मत तर इतकें रुळलेलें आहे कीं, तें एकदां तपासून पाहावें असें कोणास वाटत नाहीं.

आज ही तपासणी आपण थोडी करूं. माझें म्हणणें असें आहे कीं, ज्याच्या हातीं दहा माणसांचा कारभार आहे त्याच्या अंगीं खेळकरपणा असणें ही शोभेची बाब नसून कामाचीच एक गरज आहे. मात्र खेळकरपणा कशास म्हणावें हें आधीं नीट ठरवून घेतलें पाहिजे. कारण या नांवाखालीं पुष्कळदां जें चालतें तें खेळाच्या अगदीं उलट असतें. हें समजून घेण्यासाठीं परदेशांतील पुस्तकांकडे वळण्यापूर्वीं आपण पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत, बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या वाटेवर जाऊं.

हा मुलूख कष्टाचा आहे. भाटघरच्या धरणाचें पाणी घेऊन नीरेचा डावा कालवा या भागांतून वाहत जातो, आणि त्या पाण्यावर दृष्टि पोंचेल तेथवर ऊंस उभा राहतो. बारामती तालुक्यांत माळेगांव आणि सोमेश्वरनगर, इंदापूर तालुक्यांत भवानीनगर आणि कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांच्या उद्योगांतून १९३० नंतरच्या दशकांत उभें राहिलेलें वालचंदनगर, हीं सारीं साखरेनें नांवारूपास आणलेलीं ठिकाणें. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला म्हणजे कारखान्याचे चरक रात्रंदिवस फिरत असतात. तोडलेला ऊंस लवकर गाळला नाहीं तर वाळून वजनांत घटतो, आणि त्यांतील साखरही कमी होत जाते. म्हणून तेथें घटकाभरही उसंत नसते. आषाढांत मात्र याच रस्त्यावरून जावें, तर चरक थांबलेले असतात, यंत्रें खोलून साफ करण्याचें काम चाललेलें असतें, आणि धुराड्यांतून धूर निघत नसतो.

नेमक्या याच स्वस्थतेंत, ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आषाढाच्या तोंडाशीं बारामतीस येते. दुसऱ्या दिवशीं ती काटेवाडीस पोंचते. तेथें परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात, आणि धनगर आपलीं मेंढरें घेऊन येतात. पालखीच्या रथाभोंवतीं मेंढ्यांचा कळप गरगर फिरतो. हें मेंढ्यांचें रिंगण. तेथून भवानीनगरच्या साखर कारखान्यावरून पालखी मुक्कामास सणसरला जाते. पुढें बेलवाडीस पहिलें गोल रिंगण होतें, आणि निमगांव केतकीवरून इंदापुरास आल्यावर तेथें दुसरें.

ज्यांनीं गोल रिंगण पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. मोकळ्या मैदानांत मधोमध पालखी असते. तिच्याभोंवतीं दिंड्या उभ्या राहतात, आणि त्यांच्या बाहेरून वर्तुळाकार वाट मोकळी ठेवलेली असते. त्या वाटेवरून आधीं पताका घेतलेले वारकरी धांवतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धांवतात, मग विणेकरी. शेवटीं दोन घोडे सुटतात. एकावर पताकाधारी स्वार असतो आणि दुसरा देवाचा म्हणून पाठीवर कोणी न घेतां धांवतो. घोडे धांवून गेले कीं त्यांच्या टापांखालची माती कपाळीं लावण्यास एकच झुंबड उडते. नंतर फुगड्या, हमामा, हुतुतू, पावली असे खेळ सुरू होतात. सत्तर वर्षांचे दिंडीप्रमुख, ज्यांच्या शब्दावर दिंडींतील माणसें पहांटे उठतात, चालतात व थांबतात, ते आपल्याच दिंडींतील एखाद्या पोराचे हात धरून फुगडी घालतात आणि धाप लागली कीं सर्वांदेखत मटकन् खालीं बसतात. त्यामुळें दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांचा शब्द कोणी मोडला, असें मात्र होत नाहीं.

येथें आपली पहिली समजूत खोटी ठरते. खेळानें वचक जातो असें असतें, तर वारीची व्यवस्था कधींच कोलमडली असती. पालखी सोहळ्याची परंपरा तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांच्यापासून, म्हणजे १६८५ पासून, सांगितली जाते. इतकीं वर्षें हजारों माणसें दोन-अडीच आठवडे पायीं चालतात, रोज नव्या गांवीं उतरतात, आणि कोणतेंही वेतन किंवा शिक्षा नसतांना ठरल्या वेळीं ठरल्या जागीं असतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्ञानोबारायांच्या पालखीस शिस्त लावणारे हैबतरावबाबा आरफळकर हे तर शिंद्यांच्या पदरीं राहिलेले सरदार. दिंड्यांचा क्रम, चोपदार, अश्व, हा सगळा लष्करी थाट त्यांनीं आणला. पण फुगडी आणि हमामा यांस त्यांनीं बाहेर काढलें नाहीं. शिस्त जाणणाऱ्या त्या माणसास खेळाची अडचण वाटली नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

ज्ञानोबारायांची पालखी नीरा ओलांडून लोणंद-फलटणच्या बाजूनें जाते. तिच्या मुक्कामावर रोज सायंकाळीं जी समाज आरती होते, तींत एक सुंदर रिवाज आहे. सर्व दिंड्या पालखीभोंवतीं जमलेल्या असतात व टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार हातांतील चोप उंच करतो आणि क्षणांत सारें शांत होतें. परंतु ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणें ऐकतो, त्याचा निकाल लागतो, आणि त्यानंतरच आरती होते. हरवल्या-सांपडल्या वस्तूही तेथेंच पुकारल्या जातात. तक्रार करण्याची ही रीत पाहा. अर्ज नाहीं, चुगली नाहीं, आरडाओरड नाहीं. ज्या टाळानें भजन करावयाचें त्याच टाळानें गाऱ्हाणें कळवावयाचें. आणि तें ऐकल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं, हें अधिकाऱ्यावरील बंधन. वरच्या माणसापर्यंत खालची अडचण पोंचण्याची वाट त्यांनीं रोजच्या कार्यक्रमांत, आनंदाच्या वेळेसच, बांधून ठेवली आहे.

आतां खेळ म्हणजे काय याचा थोडा विचार करूं. हॉलंडमधील इतिहासकार योहान हुइझिंगा यांनीं १९३८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत खेळाचीं कांहीं लक्षणें सांगितलीं आहेत. खेळ हा स्वेच्छेचा असतो; हुकमानें खेळ होत नाहीं. त्यास स्वतःची जागा आणि स्वतःचा वेळ असतो. मैदानाची रेघ ओलांडली कीं तो संपला. आणि त्यास नियम असतात व ते सर्वांस सारखे लागू असतात. या लक्षणांशीं बेलवाडीचें मैदान ताडून पाहावें, म्हणजे तीं किती अचूक आहेत हें कळून येतें.

यांतील नियमांचें लक्षण विशेष महत्त्वाचें आहे. खेळकरपणा म्हणजे ढिलाई, असा जो समज आहे तो त्यामुळें टिकत नाहीं. याचें उदाहरणही बारामतींतच आहे. कवि मोरोपंत यांचें आयुष्य बारामतीस कऱ्हेच्या कांठीं गेलें. त्यांचा जन्म १७२९ चा आणि मृत्यु १७९४ चा. बारामतीकर नाईकांच्या आश्रयास राहून पुराण सांगणें व ग्रंथरचना करणें हें त्यांचें नित्याचें काम. तें त्यांनीं इतक्या नेमानें केलें कीं त्यांच्या आर्यांची गणना करतांना अभ्यासक थकतात. परंतु या नेमस्त पुराणिकानें एकच रामकथा पुनःपुन्हां नव्या अटी घालून रचली. एक रामायण असें कीं, त्यांत ओठांस ओठ लावून उच्चारावें लागणारें अक्षरच यावयाचें नाहीं. रामाचें नांव मकारावांचून घेतां येत नाहीं, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ही अट किती खट्याळ आहे तें समजेल! ती त्यांच्यावर कोणी लादली नव्हती. स्वतःच अट घालावयाची, ती प्रामाणिकपणें पाळावयाची, आणि तिच्यांतून वाट काढण्याचा आनंद घ्यावयाचा, हा खेळाचा गाभा. असा मनुष्य आळशी कसा असेल?

येथवर आपण मैदान पाहिलें आणि वाडा पाहिला. आतां कारखान्यांत शिरूं. उमेदवारीच्या काळांत मीं नीरेच्या पाण्यावरील एका साखर कारखान्यांत कांहीं हंगाम काढले. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. मी सांगतों तसे प्रकार कोणत्याही कारखान्यांत घडतात. पहिल्या हंगामांत आमच्या पाळीवर जे अधिकारी होते ते आपल्या विषयांत अत्यंत हुशार होते. त्यांस विनोदही फार आवडे. परंतु त्यांचा विनोद म्हणजे चारचौघांत एखाद्याची फजिती. कोणी चुकीचा आंकडा सांगितला कीं ते त्याची नक्कल करून दाखवीत, आणि आम्हीं सर्वांनीं हंसावें अशी त्यांची इच्छा असे. आम्हीं हंसतही असूं.

एका रात्रीं चरकाचें एक बेअरिंग तापूं लागलें. जवळच्या फिटरच्या हातास तें कळलें. पण आठवड्यापूर्वीं त्यानें अशीच एक शंका बोलून दाखविली होती, ती खोटी ठरली होती, आणि पुढें तीन दिवस त्याची नक्कल चालली होती. यावेळीं तो गप्प बसला. थोडी वाट पाहूं, खात्री झाली म्हणजे सांगूं, असें त्यानें मनाशीं ठरविलें. खात्री झाली तेव्हां बेअरिंग जळालें होतें. चरक दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत बंद राहिला. अंगणांत उंसाच्या गाड्या खोळंबल्या, बैल रात्रभर थंडींत उभे राहिले, आणि ज्यांचा ऊंस वाळत होता ते शेतकरी शेकोटीभोंवतीं बसून राहिले. चौकशींत दोष फिटरचा ठरला. तो खोटा होता असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या रात्रीं फिटरचें तोंड ज्या गोष्टीनें बंद केलें होतें, तिची नोंद चौकशीच्या कागदांत झाली नाहीं.

पुढच्या हंगामांत दुसरे गृहस्थ आले. त्यांची एक संवय आम्हांस प्रथम चमत्कारिक वाटली. पहांटे पाळी बदलण्याच्या वेळीं ते वजनकांट्यापाशीं येऊन उभे राहत. गाडी कांट्यावर चढण्यापूर्वीं तेथें असलेल्या प्रत्येकानें तिच्या वजनाचा अदमास सांगावयाचा. फिटर असो, झाडूवाला असो, गाडीवान असो कीं स्वतः साहेब असोत. ज्याचा अदमास सर्वांत चुकेल त्यानें त्या दिवशींचा चहा पाजावयाचा. खेळ पांच मिनिटांचा. भोंगा झाला कीं संपला. त्यानंतर कोणी रेंगाळलेलें त्यांस खपत नसे. गाडीवानांचा हात आणि डोळा असा पक्का कीं ते क्वचितच हरत. साहेब मात्र वरचेवर हरत. ते मुद्दाम हरत नव्हते, खरोखरच हरत. आणि हरले कीं मुकाट्यानें पैसे काढून देत, व आज आपलें कोठें चुकलें हें गाडीवानास विचारीत.

महिनाभरानें आमच्या ध्यानांत आलें कीं त्या पांच मिनिटांत चहाखेरीज आणखी पुष्कळ कांहीं मिळत होतें. कोणी सहज म्हणे, ‘साहेब, तिसऱ्या चरकाचा आवाज आज निराळाच लागतोय.’ कोणी म्हणे, ‘अमक्या वाटेवरचा पूल खचलाय, गाड्या उशीरां येतील.’ यांपैकीं निम्म्या गोष्टी निराधार निघत. पण त्या सांगितल्याबद्दल कोणाची फजिती होत नसे, आणि उरलेल्या निम्म्यांवर तो हंगाम सुरळीत पार पडला. ज्या माणसानें आपली चूक रोज चारचौघांत उघडी पडूं दिली, त्याच्यापुढें दुसऱ्यासही आपली चूक बोलून दाखविण्यास भय वाटेनासें झालें. एरवीं तेच गृहस्थ कडक होते. रसाच्या टांकीपाशीं कोणी निष्काळजीपणा केला तर त्यांची मुद्रा पाहवत नसे. एका मजुराच्या हातास इजा झाली त्या दिवशीं ते कांट्यावर आले नाहींत. आणि त्यांनीं कां यावयाचें नाहीं हें आम्हांस कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं.

आतां या अनुभवास शास्त्राचा कांहीं आधार आहे काय, हें पाहूं. अमेरिकेंतील विदुषी एमी एडमंडसन यांनीं रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला व तो १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या तुकड्यांचें नेतृत्व चांगलें, त्यांच्या हातून औषध देण्यांतील चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आंकडे उलटे आले! चांगल्या तुकड्यांतच चुकांची नोंद अधिक आढळली. शोध घेतल्यावर उलगडा असा झाला कीं, तेथें चुका अधिक होत होत्या असें नव्हे, तर त्या मोकळेपणानें सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणीं त्या झांकल्या जात. औषधाची झांकलेली चूक काय करूं शकते हें सांगावयास नको. तेव्हां एखाद्या वरिष्ठानें ‘माझ्या खात्यांत कधींच चुका होत नाहींत’ असें अभिमानानें सांगितलें, तर त्याचे दोन अर्थ संभवतात, आणि त्यांतील दुसरा अर्थ काळजी करण्यासारखा आहे.

दुसरा एक प्रयोग ॲलिस आयसेन आणि त्यांचे सहकारी यांचा, १९८७ मधील. माणसांना एक मेणबत्ती, टांचण्यांनीं भरलेली एक पेटी आणि आगकाड्या देऊन, मेण जमिनीवर न सांडेल अशा रीतीनें ती भिंतीवर बसवा, असें सांगण्यांत आलें. युक्ति अशी कीं, टांचण्या बाहेर काढून रिकामी पेटीच भिंतीस टोंचावयाची व तिच्यांत मेणबत्ती उभी करावयाची. पेटी ही टांचण्या ठेवण्यासाठींच आहे, हें मनांत घट्ट बसल्यामुळें ही युक्ति बहुतेकांना सुचत नाहीं. परंतु ज्यांना आधीं कांहीं मिनिटें एक विनोदी चित्रपट दाखविला होता, त्यांतील पुष्कळ अधिक जणांना ती सुचली. मन प्रसन्न असलें म्हणजे वस्तूचा नेहमींचा उपयोग सोडून दुसराही उपयोग दिसूं लागतो, असा याचा मथितार्थ. भीतीनें मनुष्य ठरलेलें काम वेगानें करील, पण नवी वाट शोधण्याचें काम त्याच्या हातून होणें कठीण.

येथवर ऐकून कित्येक श्रोते मनांत म्हणतील, उद्यांपासून आपणही कचेरींत चार विनोद करावे म्हणजे झालें. त्यांना माझी स्वतःची एक फजिती सांगणें मी कर्तव्य समजतों.

कांट्यावरील त्या साहेबांचें अनुकरण करण्याची मला हौस आली. मी तरुण होतों. एके सकाळीं ऊंसतोडीच्या फडावर गेलों असतां, एक बाई एकटीच मोळ्या बांधतांना दिसली. आपणांस ठाऊक असेल कीं, तोडणीच्या कामांत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हे लोक बहुधा बीड-नगरकडून येतात. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतात, आणि ती फेडीत हंगामभर फडाशेजारच्या कोप्यांत राहतात. मी मोठ्या खेळकरपणानें म्हटलें, ‘काय बाई, आज अर्धाच कोयता?’ बाई हंसली. बरोबरचे दोघेतिघे हंसले. मलाही आपण लोकांत मिसळलों असें वाटून बरें वाटलें. थोडें पुढें गेल्यावर मुकादम माझ्याबरोबर चालत हलक्या आवाजांत म्हणाला, ‘साहेब, तिचा नवरा चार दिवस तापानं कोपींत पडलाय. उचल डोक्यावर आहे. तुम्ही हंसलां म्हणून ती हंसली.’

तें वाक्य मी अद्याप विसरलों नाहीं. पहिल्या साहेबांच्या नकलेवर आम्हीं जें हंसत होतों, तें आणि त्या बाईचें हंसणें एकाच जातीचें होतें. खेळ स्वेच्छेचा असावा लागतो. ज्या हंसण्यास नकार देण्याची समोरच्या माणसाची प्राज्ञा नाहीं, तें हंसणें नव्हे; ती एक प्रकारची वेठ आहे. दिवसभर ऊंस तोडून वर साहेबाच्या विनोदाचीही चाकरी त्या बाईनें करावी, अशी मी तिच्यावर पाळी आणली होती. आणि मुख्य म्हणजे, नवऱ्याचें औषध आणि अंगावरचें देणें यांनीं ती वांकलेली असतांना, तिला माझ्या विनोदाची नव्हे तर डॉक्टरची गरज होती. त्या दुपारीं डॉक्टर गेला. परंतु तो मुकादमाच्या सांगण्यानें गेला, माझ्या खेळकरपणानें नव्हे.

यावरून खेळकरपणाच्या मर्यादा स्पष्ट होतात. पहिली मर्यादा ही कीं, तो रास्त वेतनाची, विश्रांतीची किंवा न्यायाची जागा घेऊं शकत नाहीं. अलीकडे मोठ्या शहरांतील कचेऱ्यांत खेळण्याचीं टेबलें मांडलेलीं असतात, आणि कोणत्या दिवशीं सर्वांनीं मौज करावयाची याचीं फर्मानेंही निघतात. त्याच कचेरींत माणसें रात्रीं दहापर्यंत अडकून पडत असतील, तर त्या टेबलांचा उपयोग मनाच्या समाधानापलीकडे नाहीं. आणि तें समाधानही धन्याच्याच मनाचें. दुसरी मर्यादा ही कीं, खेळास रेघ पाहिजे. भोंगा झाल्यावर जो थांबत नाहीं, किंवा दुःखाच्या दिवशींही ज्यास आवरत नाहीं, तो खेळकर नसून उथळ होय. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती ही कीं, खेळांत वरच्या माणसास हरतां आलें पाहिजे.

या तिसऱ्या गोष्टीचा दाखला आपल्या घरोघरीं वाचल्या जाणाऱ्या ग्रंथांत आहे. भागवताच्या दशम स्कंधांत गोपाळांच्या खेळाचें वर्णन आहे. गाई चारण्याचें काम चाललेलें असतांनाच मुलांनीं दोन पक्ष केले. एकाचा पुढारी कृष्ण, दुसऱ्याचा बळराम. हरणाऱ्यांनीं जिंकणाऱ्यांस पाठीवर घेऊन वडाच्या झाडापर्यंत न्यावयाचें, अशी अट. कृष्णाचा पक्ष हरला. तेव्हां त्यानें काय केलें? मी तुमचा पुढारी, मला ही अट कशी लागू, असें तो म्हणाला नाहीं. त्यानें श्रीदाम्यास पाठीवर घेतलें आणि निमूटपणें वाहून नेलें. भगवंताचें ऐश्वर्य सांगणाऱ्या ग्रंथानें हा पराभव लपविला नाहीं, उलट आवर्जून सांगितला. आमच्या संतांसही या खेळांची मोठी गोडी. तुकोबांच्या गाथेंत फुगडी, हमामा, हुंबरी, टिपरी, विटीदांडू, चेंडूफळी या खेळांवर अभंग आहेत. आणि आषाढी पौर्णिमेस वारीची समाप्ति होते तीही गोपाळपुरीं काल्यानें, जेथें सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून कोणाचा घांस कोणाचा हें ओळखूं येऊं नये अशी रीत आहे.

श्रोतेहो, आपणांपैकीं अनेकांच्या हातीं कांहीं ना कांहीं कारभार आहे. कोणी कचेरींत खातें सांभाळतो, कोणी वर्ग शिकवितो, कोणी दुकान चालवितो, आणि ज्या गृहिणी आतां ऐकत असतील त्यांच्या हातीं तर कारभारांतील सर्वांत कठीण कारभार आहे. आपला खेळकरपणा खरा आहे कीं खोटा, हें पाहण्यास मोठ्या चौकशीची जरूरी नाहीं. गेल्या महिन्यांत आपल्या हाताखालच्या माणसासमोर आपण कोणत्या गोष्टींत हरलों, हें आठवून पाहावें. आपल्या विनोदावर न हंसण्याची मोकळीक कोणास आहे, हें पाहावें. आणि आपण होऊन कोणी शेवटची वाईट बातमी आपणांस केव्हां सांगितली, हेंही आठवावें. पुष्कळ दिवसांत कोणी वाईट बातमी आणली नसेल, तर सारें क्षेम आहे असें समजून स्वस्थ बसूं नये. कदाचित् बेअरिंग तापत असेल, आणि ज्याच्या हातास तें कळलें आहे तो खात्री होण्याची वाट पाहत असेल.

पुढल्या आषाढांत सवड झाली तर बेलवाडीस किंवा इंदापुरास एकवार जाऊन यावें. घोडे धांवतील, धूळ उडेल, आणि गर्दींत कोठें तरी एखादे पिकल्या केसांचे दिंडीप्रमुख फुगडी घालतांना दिसतील. ते दमून खालीं बसले म्हणजे त्यांना उठविण्यासाठीं किती हात एकदम पुढें होतात, तेवढें पाहून यावें.